उपरण्याखालचा भाव

१

माझं शिक्षण चौथी. तेही मास्तर सोयरे होते म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून शिकलेली माणसं म्हणतील की म्हाताऱ्याला समजलं नाही. मला समजलं. उशिरा समजलं, एवढंच.

चाळीस वर्षं मी बैलबाजारात दलाली केली. आमच्यात भाव तोंडानं बोलत नसत. उपरणं पसरायचं, त्याखाली समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि बोटं दाबायची. दोन बोटं धरली की दोन. पंजा धरला की पाच. पंजा धरून वर दोन बोटं दाबली की सात. तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चालू, भोवती पन्नास माणसं उभी, आणि भाव फक्त दोन हातांना ठाऊक. पटला तर पंजा आवळायचा. आवळला की सौदा झाला. मग मोडत नसतो.

आता बाजार नाही, गुडघे नाहीत. साखरेचा आजार आहे, त्यानं हातापायाला मुंग्या येतात. दुपारी जेवण झालं की मी पुढच्या खोलीत खाटेवर पडतो. त्याच खोलीत खिडकीपाशी माझी नात अर्पिता लॅपटॉप मांडून बसते. चोवीस वर्षांची आहे. पुण्यात नोकरी होती, कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा चिखलीजवळ आमच्या गावी, उंद्रीला परत आली. तिचा बाप नागपूरकडं ट्रकवर असतो, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. घरात मी, ती आणि तिची आई, माझी सून सुवर्णा.

"काय पाहून राह्यली वं दिवसभर त्याच्यात?" मी एकदा विचारलं.

"बड्याले."

"कोन बडा?"

मग तिनं सांगितलं. इंटरनेटवरचं एक नाणं आहे, टोकन म्हणतात. दिसत नाही, वाजत नाही, पण लाखो लोकांनी घेतलंय. त्यातलं निम्म्याच्या वर एकाच खात्यात पडून आहे, तोच बडा. ते खातं विकायला लागलं की भाव कोसळतो आणि बारकी माणसं मरतात. त्याच्या आधी जो विकून मोकळा होतो तो वाचतो. म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची.

"मंग त्यालेच इचार ना, कधी विकतो म्हणून."

"त्याचं नाव कोनालेच माहीत नाई, आबा. खातं दिसते. किती पाठवलं, कोन्या खात्यात पाठवलं, सारं जगाले दिसते. मानूस दिसत नाई."

मला हसू आलं. आमच्या बाजारात माणूस उघडा आणि भाव झाकलेला. यांच्यात भाव उघडा आणि माणूस झाकलेला. मी म्हटलं, असा बाजार मी पाहिला नाही, आणि कूस बदलली.

२

मला झोप कमी. ती स्वतःशीच आकडे पुटपुटायची, ते कानावर पडायचे. बड्यानं एवढे विकले, एवढे हलवले. आठवडाभर ऐकल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली.

"मोठं विकायच्या आधी त्यानं बारकं काहीतरी पाठवलं म्हनली तू. कोनाले?"

"ते काई नाई, आबा. धूळ हाय ती. दहा पैशाचाबी माल नाई."

"तारीख सांग."

तिनं सांगितली. मग मागच्या वेळची काढली, त्याच्या मागची काढली. दरवेळी एका नवीन खात्यात शेंगदाण्याच्या टरफलाएवढी रक्कम जायची आणि तिसऱ्या दिवशी बडा मोठा माल काढायचा. एकदाही चुकलं नव्हतं.

"हा इसार हाय," मी म्हटलं. "सौदा धरून ठेवाले हातावर टेकवतात तो. इसार दिला की तिसऱ्या दिवशी माल हलते."

पोरीनं तारखा पुन्हा ताडून पाहिल्या. पुढच्या वेळी तिनं त्यावरच डाव लावला. इसार दिसला तसं तिनं आपलं सगळं विकलं, तिसऱ्या दिवशी भाव पडला, पडल्यावर परत घेतलं. त्या पैशातून खोलीत कूलर आला. लोखंडी, मोठा, रणगाड्यासारखा वाजणारा.

"आबा, तुमी पुन्यात असते तं मोठ्या केबिनमधी बसले असते," ती म्हणाली.

मी मिशीवर हात फिरवला. सुवर्णाला दोनदा ऐकवलं की हा कूलर कोणाच्या अकलेचा आहे. आता लिहिताना त्या मिशीची लाज वाटते. कारण एक गोष्ट चाळीस वर्षांच्या दलालाला दिसायला हवी होती ती दिसली नव्हती.

विकणारा कधी इसार देत नाही. इसार देतो तो घेणारा.

३

बड्यावर नजर ठेवणारी अशी पंधरा-वीस माणसं होती, त्यांचा मोबाईलवर ग्रुप होता. इसाराची गोष्ट अर्पितानं तिथं सांगून टाकली. त्यातला एक हर्षल, लोणारचा. मोटारसायकलच्या पार्टचं दुकान. तो लिहीत नसे, आवाज भरून पाठवायचा. मागून स्टॅन्डवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे.

"अर्पिता, आबाले रामराम सांग. म्हना, दुकानाले नवं शटर बसलं तुमच्या कृपेनं. एक दिवस येतो अन् पाया पडतो, पन दक्षिना मागू नका."

मला पोरगं आवडलं. न पाहता आवडलं.

चैत्र संपता संपता त्याचा आवाज आला तो हसतच आला.

"पाह्य बे, गंमत पाह्य. बड्यानं आज मले इसार पाठवला. माझ्याच खात्यात. आता माझं काय घेतो कोन जाने. गाडी घे म्हना, तसंबी इंजन बसलं तिचं."

अर्पिता हसली. मीही हसलो असेन. पण पाणी प्यायला उठलो आणि माठापाशी तसाच उभा राहिलो. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की मी हे उलटं वाचलंय.

तिसऱ्या दिवशी बड्यानं माल काढला. भाव पडला. ग्रुपवर सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. हर्षलचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही.

"याच्या आधी ज्याले ज्याले इसार गेला, त्या खात्याचं पुढं काय झालं?" मी विचारलं.

अर्पिता शोधत बसली. कूलर घरघरत होता. तिनं मान वर केली नाही.

"सात खाते हाय, आबा. पैसे जागच्या जागी हाय. पन त्या दिवसापासून एकानंबी हात लावला नाई."

"एकानंबी?"

"नाई."

माणूस कमावलेला पैसा विसरतो का? एखादा मरेल, एखादा पासवर्ड विसरेल. सातच्या सात? मी स्वतःला म्हटलं, शेषराव, तू काय समजतोस त्या यंत्रातलं. गप पड. पण पडवलं नाही.

४

मी तिला घेऊन लोणारला गेलो. चिखलीवरून मेहकर, मेहकरवरून लोणार, तीन गाड्या बदलून, एसटीच्या फळीवर हाडं खिळखिळी करत. दुकानाचं शटर बंद होतं. नवं होतं, अजून रंगाचा वास येत होता. घर मागच्याच बोळात होतं.

त्याच्या आईनं, कौशल्याबाईनं, दार उघडलं. तिला वाटलं पोलीस ठाण्यातून कोणी आलं. आम्ही नाही म्हटलं तर तिचं तोंड पडलं, तरी तिनं पाणी दिलं.

"दुपारी जेवला," ती म्हणाली. "बाजेवर बसला होता. मांडीवर टावेल, अन् हात त्याच्याखाली. म्या म्हटलं, काय झालं रे हाताले? म्हने, झोपला हात, मुंग्या आल्या. म्या ताट धुवाले मागं गेली. आली तं बाज रिकामी. चपला इथं, मोबाईल इथं, गाडी इथं."

"दार?"

"दाराची कडी आतून होती, भाऊ. म्याच लावली होती, कुत्रं येते म्हनून."

मग ती आत गेली आणि पदरात काहीतरी घेऊन आली. काळा करदोटा, बाप्ये कमरेला बांधतात तो. बाजेवर पडला होता म्हणाली. मी हातात घेतला. तुटलेला नव्हता. गाठ घामानं घट्ट झालेली, वर्षभरात कोणी सोडली नसेल अशी, आणि ती तशीच होती. तो करदोटा माझ्या मांडीवरूनसुद्धा वर चढला नसता. तो गाठ न सोडता धडधाकट माणसाच्या कमरेतून निघालाच कसा?

अर्पितानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

आमच्या धंद्यात जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणारा आपलं दावं आणतो, जुनं मालकाच्या हातात ठेवतो. सौदा झाल्यावरही जनावर लगेच जात नाही. घेणारा म्हणतो, राहू द्या तुमच्याच दावणीला, मी सवडीनं नेतो. मग ते तिथंच चरतं, पाणी पितं, पण ते आता दुसऱ्याचं असतं. न्यायच्या दिवशी घरची बाई त्याला भाकर आणि गूळ चारते आणि पदर डोळ्याला लावते. हे मी शेकड्यानं पाहिलंय, आणि बाईनं फार वेळ लावला तर तिच्यावर खेकसलोही आहे.

परतीच्या गाडीत अर्पिता खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिच्या डाव्या पायात काळा धागा आहे, हल्लीच्या पोरी बांधतात तसा. मी चिखली येईपर्यंत त्या धाग्याकडं पाहत होतो.

५

"ते खातं बंद कर," मी घरी आल्या आल्या म्हटलं.

"करते, आबा. भाव चढू द्या थोडा."

"आज कर."

तिनं लॅपटॉप पुढं ओढला आणि तिथंच थांबली. तिच्या मानेवरून मला समजलं.

"आला?"

"हाव. सकाळीच येऊन पडला." तिचा आवाज बारीक झाला होता. "धूळ हाय, आबा. हजारो लोकाले येते अशी. हर्षलचं काई वेगळंच असन."

"परत कर. इसार परत केला की सौदा मोडते."

तिनं परत पाठवला. पाठवायला त्या रकमेच्या शंभरपट खर्च आला. जेवायला बसलो तेव्हा मोबाईल वाजला. तेवढीच रक्कम परत आली होती. तिनं पुन्हा पाठवला. ताटं उचलायच्या आत पुन्हा आला.

सुवर्णा म्हणाली, "काय चालू हाय तुमचं दोघाचं? भाकरी थंड होऊन राह्यल्या."

माझ्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट आली. मला ती फार हुशारीची वाटली. बाजारात दोघांचं जमत नसलं की इसार दलालाच्या हातात ठेवतात. तो दलालाजवळ असला की माल जागचा हलत नाही. घेणाऱ्याला काय बोलायचं ते दलालाशी बोलावं लागतं.

"माझ्या नावानं खातं काढ," मी म्हटलं. "अन् तो इसार माझ्याकडं टाक."

"तुमी काय करान त्याचं?"

"तू टाक. तुले काय करा लागते?"

तिनं माझा फोटो काढला, आधार कार्डाचा फोटो काढला, अंगठ्यानं कुठं कुठं दाबायला लावलं. इसार माझ्या खात्यात आला. आम्ही दोघं मोबाईल मधे ठेवून बसून राहिलो. तो वाजला नाही. रात्रभर नाही. दुसऱ्या दिवशी नाही.

"पाह्यलं?" मी म्हटलं. पोरगी कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. म्हणाली, "आबा, तुमी बड्याचेबी बाप निघाले."

६

तिसऱ्या दिवशी जेवण झालं. मी खाटेवर बसलो. उपरणं खांद्यावरून घसरून मांडीवर पडलं होतं, उजवा हात त्याखाली होता. अर्पिता खिडकीपाशी, पाठमोरी, माझ्यापासून चार हातांवर. सुवर्णा मागं भांडी घासत होती.

लाईट गेली. कूलर थांबला. त्याच्या टाकीतलं पाणी जरा वेळ ठिबकलं, मग तेही थांबलं. भांड्यांचाही आवाज थांबला. सुवर्णा सावलीला बसली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

हाताला मुंग्या आल्या. त्या रोजच्याच. मी बोटं हलवायला गेलो तर ती हलली नाहीत. कोणीतरी ती धरली होती.

हात थंड नव्हता, गरमही नव्हता. कोरडा होता आणि सराईत होता. बाजारात नवखा माणूस हात धरतो तेव्हा त्याला घाम असतो. याला नव्हता. मी खाली पाहिलं. उपरण्याला एकाच हाताचा फुगवटा होता, माझ्या. दुसऱ्या हाताला तिथं जागाच नव्हती.

साखर वाढली, असं मला वाटलं. चिखलीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, नसा खराब झाल्या की काहीही भास होतात. हे वाटत असतानाच त्यानं माझी दोन बोटं दाबली. मग चार.

चोवीस.

मी अंगठा आत दुमडला. म्हणजे नाही. भाव कशाचा ते माहीत नव्हतं, पण पहिल्या भावाला हो म्हणायचं नसतं, हे हाताला ठाऊक होतं. त्यानं पुन्हा दाबलं. दोन. चार. न वाढवता, न घटवता. मी समोर पाहिलं. पोरीची पाठ, वेणी, खुर्चीखाली दुमडलेला पाय, पायातला धागा. येत्या पौषात तिला पंचवीस लागणार होतं.

मग मी असा अंगठा दुमडला की हाड कडाडलं. नाही. नाही.

हात सुटला नाही. मला हाक मारता आली असती. पण दलालानं मान्य नाही म्हटलं की त्यानं आपला भाव सांगायचा असतो, नाहीतर घेणारा सरळ मालकाकडं जातो. मालक चार हातांवर पाठमोरी बसली होती आणि तिचाही हात मांडीवर होता.

मी त्याचा पंजा धरला आणि वर दोन बोटं दाबली. मग चार. चौऱ्याहत्तर. माझं वय.

तो थांबला. मग माझी बोटं एकेक करून चाचपू लागला. पेरं, नखं, लहानपणी मोडून वाकडी बसलेली करंगळी. मी शेकडो बैलांचे जबडे असे फाकवून दात पाहिलेत, आणि म्हातारं निघालं की मालकाच्या तोंडावर हसून पुढं गेलोय. आता मी मान खाली घालून बसलो होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, घे. अजून चालतं हे. घे.

त्यानं पंजा धरला. वर चार बोटं. नऊ. मग पुन्हा पंजा, वर तीन. आठ.

अठ्ठ्याण्णव.

मी चौऱ्याहत्तर सांगितले होते, त्यानं अठ्ठ्याण्णव दिले. चाळीस वर्षं या हातानं मागितल्यापेक्षा जास्त भाव कधी सोडला नाही. हातानं माझ्या डोक्याची वाट पाहिली नाही. पंजा आवळला गेला.

पलीकडूनही आवळला गेला. मग उपरण्याखाली माझाच हात होता.

लाईट आली, कूलर घरघरला, मागं भांडं आदळलं. हिशोब डोक्यात बसेना. खाटेवर बसून बोटांवर मोजत होतो. चार आणि चार आठ. सात आणि दोन नऊ.

मी पोरीच्या बदल्यात मला देत होतो. त्यानं दोघांची जोडी लावली. आणि हो मी म्हटलं.

७

"आबा, काढला त्यानं माल," अर्पिता वळून म्हणाली. "भाव पडला. पन मी सारं विकून मोकळी झाली होती. झालं ना आता? सुटलो ना?"

"हाव," मी म्हटलं.

"तुमाले घाम काऊन आला येवढा?"

"लाईट गेली होती ना."

"कवा? लाईट कुठं गेली?"

त्या रात्री तिनं लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला. मोबाईल मी विहिरीत टाकणार होतो. मग वाटलं, सौदा मोबाईलमधे झालाच नव्हता. तिला सांगून काय करू? बापाकडं नागपूरला पाठवू? विकलेलं जनावर सोयऱ्याच्या गोठ्यात बांधलं तरी घेणारा तिथून नेतो, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः तशी आणून दिलीत.

आज अकरावा दिवस. डॉक्टरकडं गेलो होतो. साखर बरोबर निघाली. तो म्हणाला, "वजन कमी झालं बाबा, जेवत जा." माझा करदोटा सैल झालाय. गेल्या आठवड्यात आवळून बांधला होता, आज पुन्हा मांडीवर उतरला, गाठ तशीच.

आज सकाळी अर्पिता ओट्यावर बसून पायातला धागा आवळत होती.

"ताणून राह्यला हा," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा बांधला, आबा, तरी टाचेवरून निघून जाते."

"नवा बांध."

"नवाच हाय हा. काल आनला."

मी तिच्या पायाकडं पाहिलं. पाय होता तसाच होता, भरलेला. मी आत गेलो. सुवर्णा चुलीपुढं भाकरी थापत होती.

"सुवर्णा," मी म्हटलं, "आज पोरीले भाकरीसंगं गूळ दे."

"तिले नाई आवडत गूळ. काऊन?"

"दे."

तिनं डबा काढला, खडा फोडला, ताटात ठेवला. मी तिथंच उभा होतो. ती म्हणाली, "अजून काय, मामंजी?"

"मलेबी दे," मी म्हटलं.